गरोदरपणांतील मधुमेह : दोन घरांची जबाबदारी

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग तेथील माणूस सहज बोलण्यांत सांगतो : एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे घाटावरचे तालुके. मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद हे घाटाखालचे. वर पैनगंगेचा उगम आणि उंचसखल माळ. खालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील कापसाची काळी जमीन आणि मुंबईहून नागपुरास जाणारा लोहमार्ग. भूगोलांत हे दोन भाग वेगळे असले, तरी संसारांत ते एकच आहेत. सासर वर आणि माहेर खालीं, किंवा माहेर वर आणि सासर खालीं, अशीं घरें या जिल्ह्यांत ठिकठिकाणीं आढळतात. जिजाबाईंचें माहेर ज्या जिल्ह्यांत आहे, तेथें माहेर या शब्दाला थोडें अधिक वजन असल्यास नवल नाहीं.

चिखलीला दिलेली आणि मलकापूरची लेक असलेली अशी एक सून कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावी. तिला पहिल्यानेंच दिवस गेले आहेत. तिसऱ्या महिन्यांत तिचें नांव दवाखान्यांत नोंदलें गेलें. रक्त तपासलें, साखर ठीक निघाली आणि घरांत सर्वांना हायसें वाटलें. पुढें सातव्या महिन्यांत डोहाळेजेवण झालें. हिरवी साडी, फुलांचे दागिने, भरलेली ओटी, ताटांत पांच पक्वान्नें आणि "आतां दोन जिवांचें खायचें आहे" हा जमलेल्या प्रत्येकीचा आग्रह. मग चांगला दिवस पाहून ती राजूर घाट उतरून माहेरीं गेली. सासरच्यांना वाटलें, आतां पुढचें माहेरचे पाहतील. माहेरच्यांना वाटलें, तपासण्या सासरीं झाल्याच आहेत. नवव्या महिन्यांत मूल प्रमाणाबाहेर मोठें असल्याचें आणि गर्भजल वाढल्याचें दिसून आलें. तेव्हां कोठें रक्तांतील साखर पुन्हां पाहिली गेली. ती दोनशेंच्या वर होती.

ही गोष्ट काल्पनिक असली तरी अनोळखी नाहीं. तींत कोणीहि हयगय केलेली नाहीं. दोन्ही घरांचा तिच्यावर जीवच होता. चूक झाली ती दोन घरांमधल्या वाटेवर. गरोदरपणांत रक्तशर्करेची जी परीक्षा सर्वांत महत्त्वाची, तिची वेळ आणि डोहाळेजेवणाची, माहेरीं जाण्याची वेळ एकमेकींना अगदीं लागून येतात. पहिली गडबडींत राहून जाते आणि दुसरी मात्र थाटांत पार पडते.

तिसऱ्या महिन्यांत ठीक असलेली साखर पुढें कां बिघडावी, हें समजण्यास शरीराचा व्यवहार थोडा पाहिला पाहिजे. खाल्लेल्या अन्नाची साखर होऊन ती रक्तांत येते. तेथून ती शरीराच्या पेशींत पोंचविण्याचें काम इन्शुलिन नांवाचा स्राव करितो. तो पोटांतील स्वादुपिंडांत तयार होतो. गर्भ राहिला म्हणजे वार वाढूं लागते. वार ही बाळाला केवळ अन्न पोंचविते असें नाहीं; ती स्वतः कांहीं स्राव तयार करून आईच्या रक्तांत सोडते. त्यांच्यामुळें आईचें शरीर इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीं. निसर्गाचा हेतु वाईट नाहीं. आईच्या रक्तांत साखर थोडी अधिक वेळ राहावी आणि तिचा वांटा बाळाला मिळावा, अशी ही योजना आहे. निरोगी स्वादुपिंड या काळांत अधिक इन्शुलिन तयार करून हा तोल संभाळतें. ज्या स्त्रीच्या स्वादुपिंडाला हें वाढतें ओझें पेलत नाहीं, तिच्या रक्तांत साखर सांचूं लागते. हाच गरोदरपणांतील मधुमेह. वार जसजशी मोठी होते तसतसें ओझें वाढतें, आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास तें नीट जाणवूं लागतें. म्हणून तिसऱ्या महिन्याचा निर्मळ कागद सहाव्या महिन्याची ग्वाही देऊं शकत नाहीं.

बाळाचें नुकसान कसें होतें, तेंहि यांतच आहे. आईच्या रक्तांतील साखर वारेंतून बाळाकडे जाते. आईचें इन्शुलिन मात्र जात नाहीं. आलेल्या जादा साखरेला तोंड देण्यासाठीं बाळाचें इवलेसें स्वादुपिंड स्वतः अधिक इन्शुलिन करूं लागतें. त्यामुळें बाळाच्या अंगावर चरबी चढते, खांदे व धड मोठें होतें आणि प्रसूतींत खांदा अडकण्याचें भय उत्पन्न होतें. जन्मानंतर नाळ कापली कीं साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, पण बाळाच्या रक्तांतलें इन्शुलिन तसेंच असतें. अशा वेळीं गुटगुटीत दिसणाऱ्या त्या बाळाच्या रक्तांतील साखर धोक्याच्या पातळीखालीं घसरते. आईला रक्तदाब वाढण्याचा त्रास अधिक होतो. साखर फार वाढलेली राहिल्यास बाळ पोटांतच दगावण्याचेंहि भय असतें.

हा रोग आजचा नव्हे. ज्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात अशा मधुमेह्याचें वर्णन आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत आहे. गरोदरपणाशीं त्याचा संबंध मात्र पुष्कळ उशिरां कळला. १८२४ सालीं बर्लिनमध्यें बेन्नेविट्झ नांवाच्या वैद्यानें आपल्या प्रबंधांत एका गर्भिणीची हकीकत लिहून ठेविली. तिला अनिवार तहान लागे, लघवींत साखर जाई. तिचें मूल बारा पौंड वजनाचें होतें आणि तें वांचलें नाहीं. प्रसूतीनंतर तिच्या लघवींतील साखर नाहींशी झाली. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिन शोधून काढलें आणि १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम रोग्याला टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं मधुमेही स्त्रीचें बाळंतपण म्हणजे दोन जिवांचा जुगार होता. १९६४ सालीं बोस्टनच्या ओ'सलिव्हन यांनीं साखरेचें पाणी पाजून गर्भिणीच्या रक्ताची परीक्षा करण्याचें प्रमाण ठरविलें. तेव्हांपासून हा रोग लक्षणें दिसण्यापूर्वींच हुडकतां येऊं लागला.

लक्षणें दिसण्यापूर्वीं, हे शब्द येथें महत्त्वाचे आहेत. बहुसंख्य स्त्रियांना या मधुमेहांत कांहींच जाणवत नाहीं. तहान लागणें, थकवा येणें, वारंवार लघवीला जावें लागणें या गोष्टी गरोदरपणांत एरव्हींहि होतात. लघवीच्या तपासणीवर विसंबून चालत नाहीं; कारण गरोदरपणांत मूत्रपिंडाची साखर अडविण्याची मर्यादा खालीं येते आणि निरोगी स्त्रीच्या लघवींतहि साखर उतरूं शकते. उलट मधुमेह असूनहि ती एखाद्या वेळीं उतरत नाहीं. खरा निर्णय रक्तच देतें.

"अंगानें किरकोळ आहे, तिला कसली आली साखर?" असें घरोघर म्हटलें जातें. या समजुतीला उत्तर महाराष्ट्रांतच मिळालें आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा गांवांतील स्त्रियांची व त्यांच्या मुलांची पाहणी सुरूं केली. गर्भ राहण्यापूर्वीं त्या स्त्रियांचें सरासरी वजन सुमारें ४२ किलो होतें. त्यांच्या बाळांचें जन्मतः सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बाळांचें ३.५ किलो होतें. पुण्याकडचीं बाळें स्नायूंनीं पुष्कळ कमी होतीं, परंतु चरबीनें त्या मानानें कमी नव्हतीं. हडकुळें दिसणारें शरीर आंतून चरबी बाळगून असतें, आणि अशा शरीराची इन्शुलिनला दाद देण्याची शक्ति मुळांतच कमी असते. म्हणून बारीक सुनेची परीक्षा टाळण्याला आधार नाहीं. आई-वडिलांना मधुमेह असणें, वय अधिक असणें, वजन वाढलेलें असणें, पूर्वीं मोठें किंवा मृत मूल जन्मलेलें असणें, या गोष्टींनीं धोका वाढतो हें खरें. परंतु यांपैकीं कांहींहि नसतां मधुमेह निघालेल्या स्त्रिया आहेत. परीक्षा सर्वांचीच झाली पाहिजे.

ही परीक्षा फार सोपी आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनीं भारतीय परिस्थितीला मानवेल अशी ती पुढें आणली. १० मार्च हा त्यांचा जन्मदिवस गरोदरपणांतील मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून देशांत पाळला जातो. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें २०१४ सालीं याच परीक्षेवर आधारलेलीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं आणि २०१८ सालीं तीं सुधारलीं. स्त्री जेवून आलेली असो वा उपाशी, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारें ३०० मिलिलिटर पाण्यांत विरघळवून पांच ते दहा मिनिटांत प्यावयास देतात. त्यानंतर दोन तासांनीं रक्त घेतात. साखर १४० किंवा त्याहून अधिक निघाली तर गरोदरपणांतील मधुमेह आहे असें समजतात. पाणी प्याल्यावर अर्ध्या तासाच्या आंत उलटी झाली तर परीक्षा दुसऱ्या दिवशीं पुन्हां करावी. मधल्या दोन तासांत कांहीं न खातां बसून राहावें. उपाशीपोटीं गांवाहून यावें लागत नाहीं, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. खेड्यांतून मोटारीनें येणाऱ्या गर्भिणीला ती विशेष मानवते.

पहिली परीक्षा नांव नोंदविण्याच्या वेळीं करावयाची. ती निर्मळ निघाली, तर दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे सहाव्या महिन्याच्या सुमारास. या दुसऱ्या परीक्षेचा घरगुती नेम सोपा आहे : डोहाळेजेवणाचा दिवस ठरविण्यापूर्वीं ती उरकावी. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भिणींच्या तपासणीचा जो दिवस २०१६ पासून सुरूं आहे, त्या दिवशीं, किंवा नेहमींच्या डॉक्टरांकडे, ती मागून घ्यावी. जवळच्या केंद्रांत सोय नसेल तर तालुक्याच्या गांवीं जावें.

साखर अधिक निघाली म्हणजे घरांत पहिला प्रश्न निघतो तो रोगाचा नव्हे, दोषाचा. "माहेरच्यांनीं रोग लपवून मुलगी दिली," असें कोठें म्हटलें जातें; कोठें "गोड फार खाल्लें" म्हणून तिलाच बोल लावतात. या भयानेंच कांहीं मुली आपला कागद पिशवींत दडवून ठेवतात, आणि उपचाराचे दोन महिने वायां जातात. दोन्ही आरोप निराधार आहेत. हा मधुमेह वारेच्या स्रावांमुळें प्रकट होतो आणि बहुतेकींच्या बाबतींत वार पडल्यावर ओसरतो. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. उलट तो वेळीं कळला तर त्याचें निवारण होतें. ऑस्ट्रेलियांत १००० स्त्रियांवर केलेल्या आणि २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, उपचार झालेल्या गटांत बाळांना गंभीर इजा वा मृत्यु होण्याचें प्रमाण शंभरांत एक होतें. ज्यांच्यावर विशेष उपचार झाले नाहींत त्या गटांत तें शंभरांत चार होतें.

उपचाराची पहिली पायरी स्वयंपाकघरांत आहे. पथ्य म्हणजे उपासमार हा समज सोडून द्यावा. गर्भिणीनें उपाशी राहूं नये. मोठीं जेवणें थोडीं आटोपतीं घ्यावीं आणि मध्यें दोन-तीन वेळां थोडें खावें. वऱ्हाडच्या घरांत त्यासाठीं लागणारें सर्व कांहीं आहे : ज्वारीची भाकरी, तुरीचें किंवा मुगाचें वरण, पिठलें, अंबाडीची अगर मेथीची भाजी, ताक, मोडाची उसळ, मूठभर भाजलेले शेंगदाणे, खाणाऱ्यांस अंडें व मासे. अर्धें ताट भाजी-कोशिंबिरीचें, पाव ताट डाळ-उसळीचें आणि पाव ताट भाकरीचें, असें साधें प्रमाण ठेवावें. ज्वारी हें कांहीं औषध नव्हे. भाकऱ्या मोजूनच खाव्या लागतात. साखरेचा चहा, बिस्किटें, मैद्याचे पदार्थ, बाटलींतील गोड पेयें आणि फळांचे रस टाळावे. फळ अख्खें खावें. गूळ आणि मध रक्तांत गेल्यावर साखरेसारखेच वागतात. उपवासाच्या दिवसाकडे विशेष लक्ष द्यावें. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. चतुर्थीला किंवा गुरुवारीं दिवसभर उपाशी राहून संध्याकाळीं साबुदाण्याची खिचडी खाणें हें या स्थितींत दुहेरी नुकसान आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटें अंगणांत चालणें, डॉक्टरांची मनाई नसल्यास, अतिशय उपयोगी पडतें.

दोन आठवडे असें पथ्य केल्यावर जेवणानंतर दोन तासांनीं पुन्हां रक्त पाहतात. साखर १२० च्या खालीं आली तर तेवढ्यानेंच काम भागतें, आणि पुष्कळ जणींचें भागतेंहि. न आली तर डॉक्टर इन्शुलिन किंवा योग्य वाटल्यास मेटफॉर्मिन सुरूं करितात. टोंचून घ्यावयाच्या औषधाची घरांत धास्ती वाटते. "एकदां लागलें कीं जन्माचें लागलें" असें म्हणतात. येथें तसें नाहीं. बहुतेकींचें इन्शुलिन प्रसूतीबरोबर थांबतें, आणि तें वारेंतून बाळापर्यंत जात नसल्यानें बाळाच्या दृष्टीनें त्याची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. घाटाखालच्या उन्हाळ्यांत मात्र औषध जपावें लागतें. शीतपेटी नसेल तेथें चालू बाटली कोरड्या डबींत घालून गार मडक्यांत ठेवावी. हातपाय कांपूं लागले, घाम सुटला, एकाएकीं भूक लागली, तर साखर फार उतरली असें समजून तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पेलाभर पाण्यांत लगेच द्यावी आणि डॉक्टरांस कळवावें.

प्रसूति जेथें शस्त्रक्रियेची व नवजात बाळाची सोय आहे अशा रुग्णालयांत व्हावी, हें आधींच ठरवावें. मधुमेह आहे म्हणून पोट चिरावेंच लागतें असें मुळींच नाहीं. बाळाला पहिल्या तासांतच अंगावर घ्यावें. मध किंवा गुळाचें पाणी चाटवूं नये. आईचा चीक हाच त्याच्या साखरेचा आधार आहे. बाळाची रक्तशर्करा तपासण्याविषयीं आठवण द्यावी.

पुढें येते तिसरी परीक्षा, आणि तीहि दोन घरांच्या मध्येंच हरवते. प्रसूतीनंतर साखर ओसरते म्हणून सारे निश्चिंत होतात. डिंकाचे व अळिवाचे लाडू, तुपांतला शिरा यांची रेलचेल होते आणि जुना कागद विस्मृतींत जातो. परंतु ज्या स्त्रीला गरोदरपणांत मधुमेह झाला, तिला पुढील आयुष्यांत कायमचा मधुमेह जडण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सात ते दहा पट असतो. तिच्या मुलालाहि पुढें स्थूलता व मधुमेह यांचा धोका अधिक असतो. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनीं साखरेचें पाणी देऊन पुन्हां रक्त पाहावयाचें. या वेळीं मात्र सकाळीं उपाशीपोटीं. बाळंतिणीचा सव्वा महिना नुकताच संपलेला असतो आणि बाळाची दीड महिन्याची लस याच सुमारास असते. बाळाला टोंचून घेण्यास निघालेल्या आईनें त्याच सकाळीं आपलीहि परीक्षा करून घ्यावी. त्यानंतर वर्षांतून एकदां, आणि पुढच्या खेपेस दिवस जाण्यापूर्वीं, ती करावी. मधल्या काळांत वजन आटोक्यांत ठेवणें, रोज चालणें आणि मुलाला अंगावर पाजणें हे या रोगाला दूर ठेवण्याचे सर्वांत स्वस्त उपाय आहेत. रोग होणारच नाहीं अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. तो उशिरां कळणार नाहीं, एवढें मात्र घराच्या हातीं आहे.

हें ऐकणाऱ्या एखाद्या घरांत या घटकेस सहावा महिना चालू असेल. डोहाळेजेवणाची तयारी, पाहुण्यांची यादी, माहेरच्या मोटारीचा दिवस ठरत असेल. तें सारें व्हावें. तो आनंद तिच्या हक्काचा आहे. फक्त त्यापूर्वीं एका सकाळीं सासूनें तिला घेऊन दवाखान्यांत दोन तास बसावें. आणि ती निघेल तेव्हां ओटींत नारळ व खण घालतांना, माता व बाल संरक्षण कार्ड आणि साखरेचा कागद तिच्या आईच्या हातांत द्यावा. "हा आंकडा काय सांगतो, तें तुमच्या डॉक्टरांस विचारा," एवढें वाक्य त्याबरोबर बोलावें. बाळाला घेऊन ती परत येईल, त्या वेळीं माहेरानेंहि सहा आठवड्यांचा कागद तसाच परत पाठवावा. घाटावरचें घर आणि घाटाखालचें घर यांच्यामध्यें हे दोन कागद नीट आले-गेले, तर चिखली-मलकापूरच्या त्या काल्पनिक सुनेसारखा प्रसंग खऱ्या सुनेवर येण्याचें पुष्कळसें टळेल.